सिलिंडरचा जन्म उणे साठ अंशांवर

नैसर्गिक वायू थंड करून त्यातून स्वयंपाकाचा गॅस वेगळा काढण्याचे तंत्र आपल्या राज्यात चार दशकांपासून वापरात आहे. तरीही भंडाऱ्यातल्या चुलीपर्यंत पोहोचणारा गॅस मुख्यतः परदेशातून का येतो?

भंडारा जिल्ह्यात स्वयंपाकघराचा हिशेब धानाशी बांधलेला आहे. धानाचे चुकारे हाती आले की सिलिंडर भरून आणता येतो. ते रखडले की बांधीच्या धुऱ्यावरच्या तुरीच्या तुराट्या, गोवऱ्या आणि जंगलातून आणलेल्या मोळ्या आहेतच. उज्ज्वला योजनेची जोडणी घरात आहे, शेगडी आहे, रिकामी टाकीही आहे. फक्त ती भरण्याचे पैसे दर महिन्याला असतीलच असे नाही. म्हणून लाखांदूर किंवा साकोलीच्या घरात गॅस आणि चूल एकाच छपराखाली नांदतात. सणाला, पाहुण्यांना, पावसात गॅस; एरवी धूर.

या टाकीत जे असते ते येते कुठून? नागपूरजवळच्या भरणा प्रकल्पांतून, हे झाले जवळचे उत्तर. तिथे ते बुलेट टँकरने किंवा वाघिणींतून येते. त्याआधी ते एखाद्या तेलशुद्धीकरण कारखान्यात तयार झालेले असते, आखातातून जहाजाने आलेले असते, किंवा समुद्राच्या पोटातून निघालेल्या नैसर्गिक वायूला कडाक्याच्या थंडीत नेऊन त्यातून वेगळे काढलेले असते. हा तिसरा मार्ग फारसा कोणाला माहीत नाही. त्यावर इथे थोडे विस्ताराने लिहायचे आहे, कारण या मार्गाने निघणाऱ्या गॅसचे काय करायचे याचे निर्णय दिल्लीत कागदावर होतात आणि त्यांचा परिणाम वैनगंगेकाठच्या चुलीपर्यंत येऊन पोहोचतो.

आधी एक गैरसमज दूर करू. मुंबई–नागपूर–झारसुगुडा ही गेल कंपनीची गॅसवाहिनी नागपूरहून पूर्वेकडे, छत्तीसगडमार्गे ओडिशात जायची आहे. तिची चर्चा सुरू झाल्यापासून ‘आता आपल्याकडे गॅस येणार, सिलिंडर स्वस्त होणार’ असे बोलले जाते. वाहिनीतला गॅस आणि सिलिंडरमधला गॅस या दोन निराळ्या वस्तू आहेत. वाहिनीत असतो तो मुख्यतः मिथेन. सिलिंडरमध्ये असतो तो प्रोपेन आणि ब्युटेन यांचा द्रवरूप मेळ, म्हणजे एलपीजी. मिथेन हवेपेक्षा हलका, तो गळला तर वर जातो. एलपीजी हवेपेक्षा जड, तो गळला तर जमिनीलगत साचून राहतो. सिलिंडर असलेल्या खोलीत खालच्या बाजूला हवा खेळती हवी असे सांगतात ते यासाठीच. एकाची शेगडी दुसऱ्याला जशीच्या तशी चालत नाही, तोटी बदलावी लागते.

मात्र जमिनीतून किंवा समुद्रतळातून गॅस बाहेर येतो तेव्हा हे सगळे एकत्र असतात. मिथेन सर्वात जास्त, त्याखालोखाल इथेन, मग थोडे प्रोपेन, थोडे ब्युटेन आणि त्याहून जड काही. तेलाबरोबर निघणाऱ्या गॅसमध्ये हे जड घटक अधिक असतात. अशा गॅसला या धंद्यात ‘रिच’ म्हणतात. जड घटक काढून घेतल्यावर उरतो तो ‘लीन’ गॅस. हाच लीन गॅस खतकारखाने, वीजकेंद्रे आणि शहरातल्या सीएनजी पंपांना पुरवला जातो. जड घटक न काढताही गॅस जाळता येतो. जळतो तो उत्तमच. पण मग त्यातले प्रोपेन-ब्युटेन बॉयलरच्या भट्टीत किंवा गाडीच्या इंजिनात मिथेनच्या भावाने संपते.

थंडी कशी तयार होते?

हे घटक वेगळे करण्याचे तत्त्व सोपे आहे. मिथेन उणे १६१ अंश सेल्सिअसला द्रवरूप होतो, इथेन उणे ८९ ला, प्रोपेन उणे ४२ ला आणि ब्युटेन शून्याच्या किंचित खाली. हे आकडे वातावरणाच्या नेहमीच्या दाबाचे. दाब वाढला की याहून कमी थंडीतही काम भागते. म्हणजे गॅस पुरेसा थंड केला की प्रोपेन आणि ब्युटेन दवासारखे खाली उतरतात आणि मिथेन वायुरूपातच पुढे निघून जातो. खर्चाची बाब ती थंडी तयार करण्याची.

ती कशी होते हे महामार्गावरच्या कोणत्याही पंक्चरवाल्याला विचारा. ट्रकच्या टायरमधली हवा झपाट्याने सोडली की व्हॉल्व्ह हाताला गार लागतो. उलट, पंपाने सायकलच्या चाकात हवा भरताना पंप गरम होतो. दाबलेली हवा पसरताना बाहेरच्या हवेला ढकलते, म्हणजे काम करते. त्या कामासाठी लागणारी ऊर्जा ती स्वतःच्या उष्णतेतून देते आणि स्वतः थंड होते. (शेगडी बराच वेळ मोठी ठेवली की सिलिंडरच्या बुडाशी पाणी धरते, ते मात्र यामुळे नव्हे. तिथे द्रव उकळून वायू होताना टाकीची उष्णता शोषतो. अंगावर स्पिरिट लावल्यावर गार वाटते, तसे.)

गॅस प्रसरण पावू देण्याच्या दोन रीती आहेत. पहिली, अरुंद झडपेतून त्याला कमी दाबाकडे सोडून द्यायचे. ज्यूल आणि थॉमसन या दोघांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला हा परिणाम मोजला. इथे गॅस कोणतेही यंत्र फिरवत नाही, तरीही त्याचे रेणू एकमेकांच्या ओढीविरुद्ध दूर जाताना थोडी उष्णता खर्चतात, म्हणून थोडी थंडी मिळते. दुसरी रीत अधिक हुशारीची. झडपेच्या जागी लहानसे टर्बाइन बसवायचे आणि गॅसला त्याचे चाक फिरवायला लावायचे. आता गॅस खरेखुरे काम करतो आणि त्या मानाने खूप जास्त थंड होतो. यालाच टर्बो-एक्स्पांडर म्हणतात.

फरक किती? वातावरणाच्या ५० पट दाबाचा, आधीच उणे ३० अंशांपर्यंत थंड केलेला गॅस २० पट दाबावर आणला असे धरू. झडपेतून सोडला तर तापमान आणखी पंधरा-वीस अंशांनी उतरेल. टर्बाइनमधून सोडला तर पस्तीस-चाळीस अंशांनी, म्हणजे थेट उणे ६५ च्या आसपास. शिवाय चाक फिरवून मिळालेली ताकद वाया जात नाही. त्याच दांड्यावर पलीकडे एक कॉम्प्रेसर बसवलेला असतो. प्रोपेन काढून घेतलेल्या गॅसचा दाब पुन्हा वाढवून त्याला वाहिनीत ढकलण्याचे बरेचसे काम तो करतो. उतारावरच्या बैलगाडीने दुसरी गाडी चढावर ओढून न्यावी, तसा हा प्रकार. चाक जेमतेम परातीएवढे, पण फिरते मिनिटाला दहा ते चाळीस हजार फेऱ्यांच्या घरात.

हवा द्रवरूप करण्यासाठी अशी टर्बाइन वापरण्याचे काम रशियन शास्त्रज्ञ प्योत्र कापित्सा यांनी १९३०च्या दशकाच्या अखेरीस करून दाखवले होते. नैसर्गिक वायूच्या धंद्यात ती आली १९६४ मध्ये, अमेरिकेतल्या टेक्सासात. त्यानंतर जगभर हीच प्रमुख पद्धत झाली.

यंत्राच्या आधीची तयारीच अधिक किचकट असते. समुद्रातून येणाऱ्या गॅसबरोबर पाणी असते, कार्बन डायऑक्साइड असतो आणि विषारी हायड्रोजन सल्फाइडही असतो. ही आम्लधर्मी द्रव्ये धुऊन काढण्याला तिथले लोक गॅस ‘गोड करणे’ म्हणतात. इतक्या रुक्ष धंद्यात हा एक शब्द बरा सापडला आहे. नंतर पाण्याचा अंशन् अंश शोषून घ्यावा लागतो. कारण पाणी आणि गॅस मिळून बर्फासारखे घट्ट खडे तयार होतात, तेही शून्य अंशाच्या वरच्या तापमानाला, आणि नळ्या बुजवून टाकतात. कोरडा झालेला गॅस मग एका मोठ्या उष्णता-विनिमय पेटीत जातो. तिथे बाहेर निघालेला थंडगार लीन गॅस आत येणाऱ्या उबदार गॅसला थंड करतो. कमावलेली थंडी फुकट जाऊ द्यायची नाही, हा साऱ्या कारखान्याचा बाणा. टर्बाइननंतर जे द्रव खाली बसते ते उंच मनोऱ्यांत तापवून एकेक घटक वेगळा करतात. आधी इथेन उडून जातो, पुढच्या मनोऱ्यात प्रोपेन-ब्युटेन वर निघतात आणि तळाला नाफ्थासारखा जड भाग राहतो. प्रोपेन-ब्युटेनला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून मर्कॅप्टन नावाचे उग्र द्रव्य त्यात मुद्दाम मिसळले जाते. आपण ज्याला गॅसचा वास म्हणतो तो खरे तर याचा.

एवढी उणे अंशांची कथा सांगितली, तर भंडाऱ्याच्या उन्हाळ्याविषयीही दोन शब्द. नुसते प्रोपेन टाकीत भरले तर ४५ अंशांच्या उन्हात आतला दाब वातावरणाच्या पंधरापट होईल. नुसत्या ब्युटेनचा साडेचार पटही होणार नाही. दोन्हींचा मेळ घातला की दाब आवाक्यात राहतो आणि हिवाळ्याच्या पहाटे शेगडीही पेटते. आपल्या सिलिंडरमध्ये मिश्रण असते ते यामुळे.

उरण आणि उसर

महाराष्ट्रात या तंत्राचे घर आहे रायगड जिल्ह्यात. फेब्रुवारी १९७४ मध्ये मुंबई हाय इथे ‘सागर सम्राट’ने तेल शोधले आणि मे १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले. तेलाबरोबर गॅसही येऊ लागला. सुरुवातीला त्याचा बराच भाग समुद्रातच ज्योतीवर जाळून टाकावा लागे, कारण तो किनाऱ्यावर आणून वापरायची सोय पुरेशी नव्हती. पुढे उरणला ओएनजीसीचा गॅस प्रक्रिया प्रकल्प उभा राहिला. त्यातून एलपीजी निघू लागला, नागोठण्याच्या पेट्रोरसायन प्रकल्पाला इथेन-प्रोपेन मिळू लागले आणि उरलेल्या लीन गॅसवर थळचा खतकारखाना आणि उरणचे वायू वीजकेंद्र चालू लागले. एकाच गॅसचे असे तीन-चार वाटे पाडून प्रत्येकाला त्याच्या उपयोगाचा भाग देणे, हे नियोजन त्या काळाच्या मानाने वाखाणण्यासारखे होते.

ही कामे जोखमीची असतात हेही उरणनेच दाखवले. ३ सप्टेंबर २०१९ च्या सकाळी तिथे आग लागली आणि चौघांचा मृत्यू झाला. त्यांत आग विझवायला धावलेले केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे जवान होते. समुद्रातून येणारा गॅस त्या वेळी गुजरातेत हाजिऱ्याकडे वळवावा लागला.

याच जिल्ह्यात अलिबाग तालुक्यातल्या उसर इथे गेलचाही नैसर्गिक वायूतून एलपीजी काढणारा प्रकल्प होता. तो पुढे गॅसअभावी बंद पडला. आता त्याच उसरमध्ये गेल प्रोपेनपासून पॉलिप्रॉपिलीन, म्हणजे प्लास्टिकचा कच्चा माल बनवणारा मोठा कारखाना उभारत आहे. त्यासाठी लागणारे वर्षाला सुमारे ६ लाख टन प्रोपेन उरणच्या आयात टर्मिनलमधून देण्याचा १५ वर्षांचा करार भारत पेट्रोलियमने केला आहे. जिथे गॅसमधून प्रोपेन काढले जात होते, तिथे आता जहाजातून आलेले प्रोपेन जाणार. कंपनीच्या हिशेबात यात काही चूक नाही. पण देशाच्या हिशेबात तो प्रकल्प बंद का पडू दिला, हा प्रश्न उरतोच.

एका सिलिंडरचे गणित

तो समजून घ्यायला थोडी आकडेमोड करू. गॅसमध्ये प्रोपेन-ब्युटेन मिळून ३ टक्के आहे आणि त्यातले ९० टक्के पकडता येते असे धरू. तर १४.२ किलोच्या एका सिलिंडरसाठी सुमारे २५० घनमीटर गॅस या थंडीतून न्यावा लागेल. जिल्हा परिषद शाळेचे दोन-अडीच वर्ग छतापर्यंत भरतील एवढा. याच हिशेबाने रोज १० लाख घनमीटर गॅस हाताळणारा प्रकल्प दिवसाला चार हजार सिलिंडर देईल.

आता दुसरी बाजू. हा १४.२ किलोचा माल काढून घेतला की वाहिनीतल्या गॅसमधली तेवढी उष्णताही जाते. ती सुमारे १८ ते १९ घनमीटर मिथेनइतकी भरते. पुढच्या ग्राहकाने, म्हणजे खतकारखान्याने किंवा शहर गॅस कंपनीने, उष्णतेचे पैसे मोजलेले असतात. त्यामुळे एलपीजी काढणाऱ्याने त्याची भरपाई तेवढ्याच दुसऱ्या गॅसने करायची असते. प्रकल्प नफ्यात की तोट्यात हे या भरपाईचा गॅस कोणत्या भावाने मिळतो यावर ठरते. टर्बाइन कितीही चांगले असो.

सरकार-नियंत्रित देशी गॅसचा कमाल दर एप्रिल २०२५ पासून उष्णतेच्या ठरावीक एककाला, म्हणजे दहा लाख ब्रिटिश उष्मा एककांना, ६.७५ डॉलर होता. एका सिलिंडरची उष्णता अशा एककाच्या दोन तृतीयांश. म्हणजे भरपाईचा खर्च साडेचार डॉलर. तीच भरपाई आयात केलेल्या द्रवरूप नैसर्गिक वायूने करायची आणि त्याचा दर १२ डॉलर धरला, तर खर्च जातो आठ डॉलरवर. आयात एलपीजी टनाला ५५० डॉलर धरला तर १४.२ किलोची किंमत होते पावणेआठ डॉलरच्या थोडी वर. देशी गॅस मिळाला तर एका सिलिंडरमागे तीन डॉलरहून अधिक उरतात, त्यातून प्रकल्पाचा खर्च जाऊन फायदा होतो. तो मिळाला नाही तर समुद्रातून आलेला प्रोपेन समुद्रातूनच आलेल्या दुसऱ्या प्रोपेनपुढे हरतो, आणि रिच गॅस न सोलता जाळणे परवडते.

म्हणून ३१ डिसेंबर २०२४ च्या एका आदेशाकडे विदर्भातही लक्ष जायला हवे होते. त्या हिवाळ्यात शहर गॅस कंपन्यांना मिळणाऱ्या स्वस्त देशी गॅसमध्ये ऑक्टोबर आणि नोव्हेंबर अशी लागोपाठ कपात झाली होती. सीएनजीचे दर वाढतील अशी ओरड झाली. तेव्हा पेट्रोलियम मंत्रालयाने गेल आणि ओएनजीसी यांना एलपीजी निर्मितीसाठी मिळणाऱ्या देशी गॅसचा काही भाग काढून शहर गॅस कंपन्यांकडे वळवला. मुंबई-दिल्लीच्या वृत्तपत्रांत बातमी आली ती शेअर बाजाराच्या पानावर: शहर गॅस कंपन्यांचे समभाग वधारले. सिलिंडरच्या बाजूने कोणी बोलल्याचे ऐकिवात नाही.

आता शहरांना गॅस नकोच असे कोणी म्हणणार नाही. रिक्षाचालकाचे पोट सीएनजीवर आहे आणि शहराची हवाही. नळाने घरात येणारा गॅस तर सिलिंडरच वाचवतो. एका सोसायटीत नळजोडणी झाली की तिथले सिलिंडर सुटतात, म्हणून घरगुती नळगॅसला पहिला हक्क असावा हे मान्य. सीएनजीवर धावणाऱ्या मोटारीचे तसे नाही. तिला पेट्रोल आहे, वीज आहे, मेट्रो आहे. लाखांदूरच्या घरात गॅस नसेल तर पर्याय एकच उरतो आणि तो जंगलात असतो. कोका, नागझिऱ्याच्या आसपासच्या गावांत सरपणाला जाणे म्हणजे वाघाच्या वाटेवर जाणे. यावर वेगळे लिहायची गरज नाही. जाणाऱ्या बहुधा बायाच असतात. धुराने काळवंडणारी फुप्फुसेही त्यांचीच.

थेंबभरच, तरीही

यावर सरकारी बाजूचे एक उत्तर ठरलेले आहे: देशाची एलपीजीची गरजच इतकी मोठी की नैसर्गिक वायूतून निघणारा गॅस म्हणजे समुद्रातला थेंब. आकडे पाहिले तर त्यात तथ्य आहे. २०२४-२५ मध्ये देशात ३ कोटी १० लाख टनांहून अधिक एलपीजी खपला. देशात तयार झाला सव्वा कोटी टनांच्या थोडा वर, त्यातलाही बहुतांश तेलशुद्धीकरण कारखान्यांतून. नैसर्गिक वायूतून निघणारा असतो वर्षाला २० लाख टनांच्या आसपास, म्हणजे खपाच्या सहा-सात टक्के. उरलेला सुमारे ६० टक्के आयात. तीही मुख्यतः आखाती देशांतून, होर्मुझच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीतून. तिथे तणाव वाढला की आपल्या स्वयंपाकघरात धाकधूक होते. हे ओळखूनच नोव्हेंबर २०२५ मध्ये भारताने २०२६ सालासाठी अमेरिकेकडून सुमारे २२ लाख टन एलपीजी घेण्याचा करार केला. तो अर्ध्या जगाला वळसा घालून येणार.

ही २२ लाख टनांची आयात आपण ‘ऐतिहासिक’ म्हणून साजरी करतो आणि घरच्या गॅसमधून निघणाऱ्या जवळपास तेवढ्याच मालाला थेंब म्हणतो, हे काही पटत नाही. २० लाख टन म्हणजे १४ कोटी सिलिंडर. २०२५ मध्ये देशात उज्ज्वलाच्या १० कोटी ३३ लाख जोडण्या होत्या आणि सरकारी आकडेवारीनुसार २०२४-२५ मध्ये या घरांनी सरासरी साडेचार सिलिंडर भरले. त्यांची बेरीज जाते ४६ कोटींवर. म्हणजे ज्याला थेंब म्हणतात तो देशातल्या गरीब घरांच्या वर्षभराच्या सिलिंडरपैकी जवळजवळ एक तृतीयांश भरतो. तो वाढवता येईल तेवढा वाढवणे आणि निदान कमी होऊ न देणे, ही मागणी अवाजवी नाही.

पाच माणसांच्या घराचा सगळा स्वयंपाक गॅसवर करायचा तर वर्षाला आठ-दहा सिलिंडर लागतात. साडेचार म्हणजे निम्मा स्वयंपाक अजून चुलीवरच. केंद्राने २०२५-२६ साठी उज्ज्वलाच्या नऊ सिलिंडरना प्रत्येकी ३०० रुपये अनुदान ठेवले. राज्याच्या मुख्यमंत्री अन्नपूर्णा योजनेत वर्षाला तीन सिलिंडर मोफत आहेत. एलपीजी तोट्यात विकल्याबद्दल तेल कंपन्यांना ३० हजार कोटी रुपये देण्याचा निर्णयही केंद्राने ऑगस्ट २०२५ मध्ये घेतला. पैसा खर्च होतोच आहे. तो मुख्यतः महाग आयात सोसण्यावर होतो. मग भरपाईचा देशी गॅस एलपीजी प्रकल्पांना हक्काने देऊन तेच सिलिंडर स्वस्तात काढण्याकडे काणाडोळा का? एका खात्याची बचत दुसऱ्या खात्याच्या वहीत दिसत नाही, हे त्याचे एक कारण असावे.

करण्यासारखे अवघड काहीच नाही. एलपीजी काढताना कमी होणाऱ्या उष्णतेची भरपाई करण्यापुरता देशी गॅस या प्रकल्पांसाठी राखून ठेवावा आणि त्याला हात लावायचा असेल तर सिलिंडरच्या आयातीवर त्याचा किती बोजा पडेल हे आदेशातच लिहावे. ज्या गॅसमध्ये प्रोपेन-ब्युटेन काढण्याजोगे आहे तो न काढता मोठ्या वाहिन्यांत सोडू नये. आयात होणाऱ्या द्रवरूप नैसर्गिक वायूतही काही वेळा हे घटक भरपूर असतात. गुजरातेत दहेजला ओएनजीसीने ते वेगळे काढण्याचा प्रकल्प उभारलेला आहेच. पण तिथला माल प्रामुख्याने प्लास्टिकच्या कारखान्यासाठी जातो. घराची शेगडी आणि प्लास्टिकचा कारखाना एकाच प्रोपेनवर दावा सांगत असतील, तर टंचाईच्या दिवसांत आधी कोणाला, याचा क्रम सरकारने टंचाई येण्याआधीच जाहीर करायला हवा.

भंडाऱ्याच्या खासदार-आमदारांनाही यात बोलायला जागा आहे. सिलिंडरच्या दरावर बोलणारे पुष्कळ आहेत. गॅसच्या वाटपावर विदर्भातून क्वचितच कोणी बोलते. शहर गॅस कंपन्यांची संघटना आहे, खतकारखान्यांची आहे, पेट्रोरसायनवाल्यांची आहे. वाटपाचा कागद तयार होतो तेव्हा ही मंडळी मंत्रालयाच्या दारात असतात. मोहाडीच्या किंवा पवनीच्या बाईची संघटना नाही. तिच्या वतीने तिथे कोणी उभे राहायचे असेल तर ते निवडून दिलेल्यांनीच.

दरम्यान मुंबई–नागपूर–झारसुगुडा वाहिनीतून मिथेन येईल तेव्हा येईल. त्यातून आधी शहरांत पंप लागतील, मग काही वसाहतींत नळ जातील. खेड्यातल्या विखुरलेल्या घरांपर्यंत नळ टाकणे लवकर परवडणार नाही. तिथे पुढची अनेक वर्षे सिलिंडरच असणार आहे, आणि उसरच्या नव्या कारखान्याला प्रोपेन पुरवायचा उरणचा करार १५ वर्षांचा आहे.